डेडगाय ऐकायचा तर आधी वजाबाकी शिका

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये गिटार बडवतो. परवा त्याचा मेसेज आला : "मावशी, तू सारखं डेडगाय डेडगाय करतेस म्हणून लावला. दोन गाणी ऐकली. नुसता गोंगाट. यात लोकांना काय सापडतं?" उत्तर लिहायला बसले आणि ते लांबतच गेलं. आणखी कुणाला उपयोग होईल म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते.

आधी हे कोण ते. डेडगाय हा अमेरिकेतला बँड : 1994 साली न्यू जर्सी राज्यात, न्यू ब्रन्सविक शहराच्या आसपास जमलेली पाच माणसं. गायला टिम सिंगर (आडनावच सिंगर, त्याला मी काय करू), गिटारवर कीथ हकिन्स आणि ख्रिस कोर्विनो, बासवर टिम नाउमन, ज्याला सगळे पॉप्स म्हणतात, आणि ड्रमवर डेव्ह रोझेनबर्ग. 1997 मध्ये खेळ खलास. मधल्या काळात काही छोट्या तबकड्या आणि एकच पूर्ण अल्बम, 'फिक्सेशन ऑन अ को-वर्कर', 1995 सालचा.  तळघरांत आणि छोट्या हॉलांत वाजवायचं, तिथेच टेबल मांडून तबकड्या विकायच्या, बाकी टपालाने. अंडरग्राउंड म्हणतात ते हेच.

आता माझी चूक, म्हणजे तू ती करणार नाहीस. 2009 साली मी न्यू जर्सीतल्याच एडिसनला एका गेस्ट हाउसमध्ये बेंचवर होते, म्हणजे कंपनीत नावापुरती, हातात काम नाही. प्रोजेक्ट संपलं होतं, कंपनी "या आठवड्यात नक्की" म्हणत दर सोमवारी नवा वायदा करायची, आणि एका खोलीत आम्ही तिघी जणी मॅगीवर दिवस काढत होतो. जवळच फोर्ड्स गावात व्हिंटेज व्हिनिल नावाचं तबकड्यांचं दुकान होतं (2021 च्या जुलैमध्ये बंद झालं, अजून त्या रस्त्याने जाताना मान आपोआप तिकडे वळते). तिथे जुन्या सीडींच्या खणात 'फिक्सेशन ऑन अ को-वर्कर' हे नाव वाचलं. सहकाऱ्याचा ध्यास! ज्या बाईला सहकारीच उरले नव्हते ती हसली आणि सीडी घेतली. शेजारीच 'स्क्रीमिन विथ द डेडगाय क्विंटेट' होती, तीही घेतली. दोन्ही आयपॉडवर चढवल्या, शफल लावलं आणि चालायला निघाले.

काहीच कळेना. एका गाण्यात माणूस टोचून टोचून बोलतोय, पुढच्यात घसा बसल्यासारखा भुंकतोय. वाटलं, सर्दी झाली असेल. दोन आवाज म्हणजे दोन वेगळी माणसं आहेत हे कळायला मला सहा महिने लागले. तेव्हा पहिला नियम : शफल बंद. डेडगायच्या बाबतीत तर कायमचं बंद.

कान तयार करणं

तुझी अडचण मला माहीत आहे. डेडगायच्या संगीताला मेटलकोर म्हणतात, पण तुझ्या पिढीचा मेटलकोर म्हणजे किलस्विच एंगेज या बँडच्या वळणाचा. कडव्यात आरडाओरडा आणि ध्रुवपदाला सुरेल गळा. तसलं ध्रुवपद इथे येणार नाही. वाट बघत बसलास तर वैतागशील. नव्वदच्या दशकातला मेटलकोर म्हणजे हार्डकोर पंकच्या, त्या वेगवान आरडाओरड्याच्या रॉकच्या पोरांनी मेटलचं वजन उचललेलं, आणि डेडगायने त्यात नॉइझ रॉकचा, म्हणजे मुद्दाम गोंगाट करणाऱ्या रॉकचा, खरखरीतपणा ओतला.

त्या खरखरीला घाबरू नकोस, ती तुझ्या घरातलीच आहे. आजोबांबरोबर मिरजेला सतारमेकर गल्लीत गेला होतास, आठवतंय? तानपुऱ्याची तार नुसती छेडली तर कोरडी वाजते. मग कारागीर घोडीवर तारेखाली दोरा सरकवतो, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी तार एकदम झणझणते. जवारी लागली म्हणतात. सूर तोच असतो, तारेचा घोडीला हलका स्पर्श होत राहतो आणि वरचे स्वर उमलतात. गिटारचं डिस्टॉर्शन हेच काम विजेवर करतं, फक्त दोऱ्याऐवजी अँपच्या बटणाने, आणि बटण टोकाला नेऊन. फीडबॅक त्याच्या पुढची पायरी : स्पीकरचा आवाज हवेतून जाऊन तारेलाच हलवतो, गिटारवरचा पिकअप ते कंपन पुन्हा उचलतो, पुन्हा स्पीकर, असं चक्र. डेडगायच्या गाण्यांत गिटार थांबली असं वाटतं तेव्हा मागे जी शिट्टी तरंगत राहते ती हीच. तिला चूक समजू नकोस, बँडमधला सहावा मेंबर समज.

दुसरी गोष्ट स्वरांची. पेटीवर सा आणि कोमल रे एकाच वेळी दाबून धर. गुरुजी असते तर हातावर छडी बसली असती. आता तेच दोन स्वर धरून ठेव, सोडू नकोस, आणि त्यांच्यात जी थरथर होते ती ऐक. हकिन्स आणि कोर्विनो त्या थरथरीवर घर बांधून राहतात. या जातीच्या ध्वनिमुद्रणात साधारणपणे एक गिटार डाव्या कानात असते, दुसरी उजव्या. हेडफोनची एक बाजू काढून एक गाणं ऐक, मग दुसरी. दोघं एकमेकांना साथ देत नाहीयेत, एकमेकांचं बोलणं तोडतायत, हे तुझं तुलाच कळेल.

तालाचं सांगते, कारण मी सात वर्षं तबला शिकले आहे आणि माझा हात अजूनही मांडीवर मात्रा मोजतो. बहुतेक ठिकाणी मला चारचाच हिशेब सापडला. गोंधळ उडतो तो लय बदलते तेव्हा. दुगुनीत पळता पळता न विचारता ठायीला, संथ लयीला येतात, आणि आपण समेवर टाळी द्यायला हात उचलावा तर तिथे नुसती शिट्टी. हॉलमधली पोरं नेमकी तिथेच एकमेकांच्या अंगावर पडतात.

आवाज किती ठेवायचा? मोठा, पण वेळ बघून. इथे अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या नायोश या सरकारी संस्थेची शिफारस 85 डेसिबलला आठ तासांची आहे, आणि पुढच्या दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. बँडच्या सरावाला कापसाचे बोळे घालून जाऊ नकोस, फोमचे इअरप्लग घे. कान गेले की परत येत नाहीत.

कागद घे

आता खरं काम. कोरा कागद आडवा धर आणि मधोमध पाच नावं लिही.

हकिन्सच्या मागे बाण काढून लिही : रोरशाख, 1989 ते 1993. हा त्याचा आधीचा बँड, हाही न्यू जर्सीचाच, त्यांचा 'प्रोटेस्टंट' हा अल्बम 1993 चा. तो आधी ऐक, पूर्ण नाही ऐकलास तरी तीनचार गाणी. ती वाकडी, किंचाळणारी गिटार तिथूनच येते हे लक्षात येईल. सिंगरच्या मागे लिही : नो एस्केप, त्याचा आधीचा बँड.

मग 'फिक्सेशन' लाव, पहिल्या 'डूम पेट्रोल'पासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. चाळीस मिनिटांच्या आतलं काम आहे. शब्दांकडे लक्ष दे. सिंगर राक्षसी गुरगुरत नाही, तो बोलतो, ओरडून बोलतो, आणि त्यात टोमणा असतो. आधीच्या तबकडीचं नाव 'वर्क एथिक', म्हणजे कामावरची निष्ठा, आणि अल्बमच्या नावात सहकारी. मी ते क्युबिकलमध्ये बसून ऐकलंय, वरिष्ठ बाई पाठीमागे उभ्या राहून "जस्ट चेकिंग" म्हणत असताना, आणि सांगते, त्याहून योग्य जागा नाही. एक गाणं 'क्रेझी एडी' नावाचं आहे. त्या नावाची इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची साखळी इकडे प्रसिद्ध होती, जाहिरातीतला माणूस हातवारे करत "त्याचे भाव वेडे आहेत" म्हणून किंचाळायचा. मालकाने हिशेबात मोठा घोटाळा केला, पळाला, 1992 मध्ये इस्रायलमध्ये सापडला. त्या कंपनीचं मुख्यालय कुठे होतं माहितीये? एडिसनला, जिथे मी ओक ट्री रोडवर पोहे आणि कोकम आणायला जाते.

अल्बम निघाल्यावर फार दिवस गेले नाहीत आणि सिंगर व हकिन्स बाहेर पडले. कागदावर या दोन नावांवर काट मार. काट मारलीस की वजाबाकी सुरू.

उरले तिघं. पॉप्सने बास खाली ठेवला आणि माइक हातात घेतला, नवी माणसं आली, आणि 1996 मध्ये 'स्क्रीमिन' निघाली. ती आता ऐक. जे ऐकू येत नाही तेवढंच ते दोघं घेऊन गेले. माझ्या कानाला तरी राग सगळाच्या सगळा शिल्लक आहे, ड्रम तसेच चिडलेले आहेत, कोर्विनोचे रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, उलट जास्तच घट्ट. गेला तो टोमणा. आणि वरच्या पट्टीतली ती गिटारची कळ गेली, दात दुखताना येते तशी. ही तबकडी वाईट नाही. डेडगाय ऐकणारे लोक तिला सावत्र वागणूक देतात ते मला पटत नाही. पण पाचांतून दोन गेले की तीन उरतात हे गणित इथे चालत नाही, दुसराच आकडा येतो.

आता उलट बाजू. ते दोघं गेले सिअॅटलला. तिथे रोरशाखचाच ड्रमर अँड्र्यू गॉर्म्ली आणि बासवाला थॉम रस्नॅक यांच्याबरोबर त्यांनी किस इट गुडबाय हा बँड उभा केला. अल्बम 'शी लव्ज मी, शी लव्ज मी नॉट', 1997. म्हणजे कागदावर बाण फिरून मागच्याच नावांकडे येतो. यात तुला सिंगरचा तोच गळा मिळेल, तीच कळ मिळेल, पण सगळं जास्त संथ, जास्त काळं. डेडगायमध्ये भांडण होतं, इथे भांडण झाल्यानंतरची रात्र आहे. मग तुझ्या ध्यानात येईल की 'फिक्सेशन'मधली ती पळापळ, ती धाप या दोघांची नव्हती. ती न्यू जर्सीत राहिलेल्या तिघांची होती.

या तीन तबकड्या या क्रमाने, आणि मग पुन्हा 'फिक्सेशन'. दुसऱ्यांदा ऐकशील तेव्हा गोंगाटातून पाच माणसं वेगवेगळी उठून उभी राहतील. एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

प्रभाव शोधायचा तर खोली शोध

अमुक बँडवर तमुक बँडचा प्रभाव, असं कुणीही म्हणतं. तसं नुसतं म्हणू नकोस, कागदावर दाखव.

'फिक्सेशन' रेकॉर्ड केला स्टीव्ह एव्हेट्सने, साऊथ रिव्हरच्या ट्रॅक्स ईस्ट स्टुडिओत. माझ्या घरून रूट 1, मग रूट 18, वीस मिनिटं, ट्रॅफिक नसेल तर. छोटंसं गाव, नदीकाठचं. त्याच माणसाने त्याच स्टुडिओत 1997 मध्ये हेटब्रीड या बँडचा 'सॅटिस्फॅक्शन इज द डेथ ऑफ डिझायर' केला आणि 1999 मध्ये डिलिंजर एस्केप प्लॅन या बँडचा 'कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी'. डिलिंजर तर न्यू जर्सीचीच पोरं, मॉरिस प्लेन्सची, आणि बँड सुरू केला नेमका 1997 मध्ये, डेडगाय संपला त्या वर्षी. घराण्यात गुरूचं रेकॉर्डिंग घासून घासून शिष्य तयार होतो ना, तसं. ती डेडगायचं नाव घेतात, लपवत नाहीत.

'कॅल्क्युलेटिंग इन्फिनिटी' तुला पाठ आहे हे मला माहीत आहे. तो लाव, मग लगेच 'फिक्सेशन'. डिलिंजरने केलेली करामत बाजूला काढ, ती अवघड मोजणी, ते जॅझचे तुकडे. खाली जे राहतं, ती चिडकी, कोरडी, कान टोचणारी गिटार आणि मागे कुणी लागल्यासारखं पळणं, ते ओळखीचं वाटेल. पुन्हा वजाबाकीच, पण या वेळी मुलातून बाप काढायची.

एक सावधगिरी. दिसेल त्या किंचाळणाऱ्या बँडपर्यंत डेडगायपासून बाण ओढू नकोस. माणूस सामाईक, स्टुडिओ सामाईक, किंवा त्या बँडने स्वतः नाव घेतलेलं, यांपैकी एक तरी हवं. नाहीतर ती वंशावळ नाही, गणगोत जमवणं झालं.

शेवटी काय ठेवायचं

2021 मध्ये विल्यम सॉन्डर्सने यांच्यावर 'किलिंग म्युझिक' नावाचा माहितीपट केला, आणि त्याच वर्षी मूळचे पाचही जण पुन्हा एकत्र वाजवायला लागले. 2025 मध्ये रिलॅप्स या रेकॉर्ड कंपनीने त्यांचा नवा अल्बम काढला, 'निअर-डेथ ट्रॅव्हल सर्व्हिसेस'. म्हणजे पहिला आणि दुसरा यांच्यात तीस वर्षं. नावातच प्रवासी कंपनी आहे म्हणून मी तो ऐकला रूट 18 वर, सासूबाई मागच्या सीटवर. पाच मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा माणूस कुणावर एवढा चिडलाय गं?" मी म्हटलं, ऑफिसवर. त्या म्हणाल्या, "मग बरोबर आहे."

माहितीपट आणि हा अल्बम, दोन्ही तू आत्ता लावू नकोस. आधी कागद भर. काट मारलेली दोन नावं पुन्हा लिहायची वेळ आली की मगच लाव, कारण तिथे बेरीज आहे आणि वजाबाकी हातात बसल्याशिवाय ती कळत नाही. रविवारपर्यंत वेळ घे. कागदाचा फोटो पाठव, आणि रोरशाखला सोडून पुढे गेलास तर मला कळेल.