दाढेची कळ ओळखायची कशी आणि डॉक्टरांकडे कधी जायचं

सोलापुरात दाढ किडली आहे हे एक्स-रेच्या आधी कडक भाकरीला कळतं. दोन वर्षांपूर्वी शेंगाचटणीबरोबर असाच एक तुकडा मोडला आणि उजव्या खालच्या दाढेतून निघालेली कळ थेट कानात गेली. पंधरा दिवस लवंग दाबून काढले. मग एका सकाळी दुखणं आपोआप थांबलं. मी खूश. महिन्याभराने गाल सुजला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुखणं थांबलं नव्हतं, नस मेली होती."

तेव्हा जे कळलं ते आधी सांगतो. दाताच्या वरच्या कठीण थराला इनॅमल म्हणतात, त्याखाली डेंटिन, आणि मधल्या पोकळीत नस आणि रक्तवाहिन्या. बोटाला लागलं तर बोट सुजतं, कारण सुजायला जागा असते. दाताच्या नसेला चहूबाजूंनी भिंत. कीड आत पोचली की नस सुजते, पण फुगणार कुठे? म्हणून तो ठणका.

आधी थंड पाण्याची परीक्षा घ्या. माठातलं पाणी दुखऱ्या बाजूने एक घोट प्या, गिळा आणि मनात आकडे मोजा. दोन-चार आकड्यांत कळ विरली तर बहुधा ती नुसती शिवशिव आहे. इनॅमल झिजलेलं असेल किंवा हिरड्या मागे सरून मूळ उघडं पडलं असेल. (आपल्याकडे मिश्री घासणाऱ्या आया-मावश्यांमध्ये हे फार दिसतं. मिश्री म्हणजे तंबाखूच, ती दात साफ करत नाही.) कळ 30 आकड्यांनंतरही रेंगाळली, तर नसेची सूज आता स्वतःहून उतरणार नाही असं धरून चला. गरम चहाने ठणका उठतो आणि गार पाण्याची चूळ तोंडात धरली की बरं वाटतं, अशी अवस्था असेल तर प्रकरण आणखी पुढे गेलंय. मी रात्री उशाशी पाण्याची बाटली ठेवून झोपत होतो आणि त्यालाच उपाय समजत होतो!

मग रात्रीचं पाहा. काही न खाता, आडवं पडल्यावर ठणका वाढतो का? झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून अशा वेळी दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं की थोडं हलकं वाटतं. झोपमोड करणारी दाढ म्हणजे डॉक्टरांकडे जायची वेळ झालेली दाढ.

शेवटी बोटाच्या टोकाने एकेक दात हळूच दाबा. एकच दात दाबल्यावर दुखला, उंच झाल्यासारखा वाटला, तर संसर्ग मुळाच्या टोकाशी पोचलेला असू शकतो. नेमका दात सापडला नाही तरी गोंधळू नका. खालच्या दाढेचं दुखणं वरच्या दाढेत जाणवतं, कानातही जाणवतं, बाजू मात्र सहसा तीच राहते.

डॉक्टर भेटेपर्यंत ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालतं. आयब्युप्रोफेन उपाशीपोटी नको, आणि किडनीचा त्रास, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर विचारल्याशिवाय अजिबात नको. लवंगेने थोडा वेळ बधिरपणा येतो, पण निव्वळ लवंगतेल हिरडीला लावलं तर पोळतं. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. सुजलेला गाल शेकू नका. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकही मागू नका, त्याने सुजलेली नस बरी होत नाही.

कळ रेंगाळत असेल, रात्री ठणकत असेल किंवा हिरडीवर पुटकुळी येऊन खारट पू येत असेल तर एक-दोन दिवसांत दवाखाना गाठा. नुसती शिवशिव असेल तर सेन्सिटिव्हिटीची पेस्ट दोन-तीन आठवडे वापरून पाहा, फरक नसेल तर दाखवा. पण सूज डोळ्याकडे किंवा मानेकडे चालली, तोंड उघडेना, गिळताना-श्वास घेताना अडायला लागलं, सुजेबरोबर ताप चढला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. रात्र असली तरी सिव्हिल हॉस्पिटल गाठा किंवा 108 ला फोन करा. जबडा दुखतोय, सोबत छातीवर दाब आणि घाम आहे, तर ते दाताचं नसून हृदयाचंही असू शकतं. तेव्हाही तेच करा.

खुर्चीत बसल्यावर "दाढ दुखते" एवढंच सांगू नका. थंडाने दुखते की गरमाने, किती वेळ, रात्री उठवते का, कोणत्या गोळ्या घेतल्या, शुगर-बीपी आहे का, हे सांगा. नस वाचण्यासारखी असेल तर कीड काढून दात भरतात. नसेल तर रूट कॅनाल करतात, म्हणजे आतली नस काढून पोकळी साफ करून भरतात, किंवा दात काढतात. रूट कॅनालचं नाव ऐकून माझे पाय लटपटले होते, पण भुलीचं इंजेक्शन दिल्यावर ऐकू आला तो फक्त मशीनचा आवाज. दाढेच्या मुळांत नसेच्या बहुधा तीन-चार नलिका असतात, त्यामुळे कधी दोन-तीन खेपा पडतात. नंतर दाढेवर बसवायच्या टोपीचा (क्राउनचा) खर्च वेगळा असतो, तो आधीच विचारून घ्या. नस काढलेली दाढ टोपीशिवाय तडकू शकते, म्हणून टोपी बसेपर्यंत कडक भाकरी आमटीत चांगली कुस्करून, दुसऱ्या बाजूने खा.