लिलावाच्या नोंदीला बसण्याआधी

लिलावात विक्रीची नोंद घ्यायला बसलेल्या माणसाकडून तीनच आकडे हवे असतात: लॉट (एकत्र विकायला ठेवलेली वस्तू किंवा वस्तूंचा गट) कितवा, किंमत किती, घेणाऱ्याचा क्रमांक कोणता. त्यापुढचं प्रीमियम (घेणाऱ्याने किमतीवर द्यायची जादा टक्केवारी), कर, मालकाकडून कापायचं कमिशन, बिल हे सगळं सॉफ्टवेअर बिनचूक करतं. अडचण एवढीच की चुकीचा आकडा दिला तर त्यावरही ते तितकंच बिनचूक गणित करतं. पुकारणारा वेगाचा असला तर मिनिटाला एकाहून जास्त लॉट जातात, आणि हातोडा पडला की सौदा पुरा. भारताचा १९३०चा मालविक्रीचा कायदा घ्या की ब्रिटनचा १९७९चा, दोन्हींत हेच आहे, आणि लॉटागणिक करारही सहसा वेगळा धरला जातो. तुमच्या पडद्यावरची एकेक ओळ म्हणजे एकेक करार. तेव्हा तयारी करायची ती त्या तीन आकड्यांसाठी.

सुरुवात यादीपासून. माल आत आला, चिठ्ठ्या लागल्या की लॉटांची यादी छापून घ्या आणि हातात पेन घेऊन मालामधून एक फेरी मारा. यादीत आहे पण जागेवर नाही, जागेवर आहे पण यादीत नाही, एकच क्रमांक दोन खोक्यांवर आहे, हे सगळं या फेरीत सापडतं. खुर्चीवर बसून सापडत नाही. प्रत्येक लॉटापुढे मालकाचा कोड, नग किती, राखीव किंमत (जिच्याखाली लॉट विकायचा नाही ती) असल्यास ती आणि कर लागतो की नाही, एवढं भरलेलं हवं. वर्णन दोन-तीन शब्दांचं असलं तरी चालेल. मालकाचा कोड रिकामा राहिला तर चालणार नाही. आयत्या वेळी येणाऱ्या मालासाठी शेवटी काही क्रमांक मोकळे ठेवा. मधेच घुसवायची वेळ आली तर ४५अ, ४५ब असे क्रमांक तुमचं सॉफ्टवेअर घेतं का, ते आधी पाहा. काही सॉफ्टवेअर लॉट क्रमांक मजकूर म्हणून वाचतात आणि १० ला २ च्या आधी नेऊन बसवतात. तसं होत असेल तर ००२, ०१० असे शून्य लावून क्रमांक द्या.

मग सेटिंग. प्रीमियम किती टक्के, ऑनलाइन बोली लावणाऱ्यांना तो वेगळा आहे का, आणि कर फक्त किमतीवर आहे की किंमत अधिक प्रीमियम यांवर, हे तोंडी विचारून घेऊ नका, लेखी घ्या. एक खोटं बिल काढून हाताने पडताळा. समजा किंमत १,०००, प्रीमियम १० टक्के, कर ५ टक्के. कर दोन्हींवर असेल तर बिल १,१५५चं येईल, नुसत्या किमतीवर असेल तर १,१५०चं. फरक पाचाचाच आहे, पण तो प्रत्येक बिलात येणार आणि शेवटी हिशेब जुळवताना तोच डोकं खाणार.

आता जिथे नवी माणसं हमखास अडकतात ते. पुकारणाऱ्याबरोबर लिलावाच्या आधी निवांत बसा आणि विक्रीचे प्रकार ठरवून घ्या. सहा खुर्च्यांचा लॉट आहे, बोली ४०० वर थांबली. हे सहा खुर्च्यांचे ४०० की खुर्चीमागे ४००? खुर्चीमागे असतील तर नोंद २,४०० ची व्हायला हवी, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये नग ६ आणि दर ४०० असं भरायचं. गुणाकार स्वतः करून २,४०० टाकू नका, कारण नगाची संख्या उद्या कोणी विचारली तर ओळीत ती दिसली पाहिजे. प्रत्येक वेळी पुकारणाऱ्याने ‘नगाला’ किंवा ‘सगळ्याचे’ हा शब्द बोललाच पाहिजे, असं त्याच्याकडून कबूल करून घ्या. दुसरा प्रकार पसंतीचा. ६१ ते ६५ असे पाच दिवे एकदम पुकारले, दिव्यामागे ७०० ला बोली जिंकणाऱ्याने त्यांतले दोन निवडले. उरलेले तीन त्याच भावात दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला विचारायचे की पुन्हा पुकारायचे? दोन्ही पद्धती चालतात, पण त्या दिवशीची पद्धत तुम्हाला आधी माहीत हवी, कारण घेणारा क्षणात ‘बासष्ट आणि पासष्ट’ म्हणून मोकळा होतो. तिसरा प्रकार म्हणजे ११२ आणि ११३ एकत्र विकले जाणं. दोन्ही लॉट एकाच मालकाचे असतील तर पूर्ण किंमत पहिल्यावर टाकून दुसऱ्यावर ‘११२ सोबत’ अशी नोंद पुरते. मालक वेगळे असतील तर किंमत कशी वाटायची हे त्याच क्षणी पुकारणाऱ्याने सांगितलं पाहिजे. नाहीतर ते लॉट एकत्र करूच नका, असं मी तरी सांगेन.

बोलीदारांची नोंदणी दुसरं कोणी करत असलं तरी ती यादी तुमच्याकडे ताजी येते का ते पाहा. नोंद नसलेला क्रमांक टाकला की सॉफ्टवेअरने ओरडलं पाहिजे. ते सेटिंग बंद असेल तर चालू करा. बोलीदार वर धरून दाखवतात त्या क्रमांकाच्या कार्डावरच्या ६ आणि ९ खाली रेघ ओढलेली असावी. ऑनलाइन बोलीदारांना हॉलमधल्यांपेक्षा वेगळी मालिका द्या, म्हणजे नुसता क्रमांक बघून माणूस समोर आहे की पडद्यामागे, ते कळतं. लेखी बोली ठेवून गेलेल्यांनाही क्रमांक लागतो, हे बऱ्याचदा ऐन वेळी आठवतं. आणि एक क्रमांक कोणालाच देऊ नका: घेणारा कळला नाही तर लॉट त्याखाली टाकायचा. तो ९९९९ सारखा असावा, नजरचुकीने खऱ्या क्रमांकात मिसळू नये असा.

क्रमांक सुटे अंक करूनच पुकारले जावेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर हे लाउडस्पीकरवरून जवळपास एकसारखे ऐकू येतात. ‘पाच नऊ’ आणि ‘सहा नऊ’ येत नाहीत. क्रमही एकच हवा: आधी किंमत, मग क्रमांक, आणि तुमच्या पडद्यावरच्या रकान्यांचाही तोच. ते जुळत नसेल तर सॉफ्टवेअरमधला क्रम बदला, पुकारणाऱ्याची सवय बदलायला जाऊ नका, ती बदलत नाही. क्रम उलटा राहिला की किंमत क्रमांकाच्या रकान्यात जाते, आणि ४७ क्रमांकाच्या माणसाने २५० ला घेतलेली पेटी २५० क्रमांकाच्या माणसाला ४७ मध्ये जाते. दोन्ही क्रमांक नोंदलेले असतील तर सॉफ्टवेअरला यात काहीच वावगं दिसत नाही.

यंत्रांचं थोडक्यात. अंकांची वेगळी पट्टी असलेला कीबोर्ड, चार्जर, लांब वायरचा बोर्ड, यूपीएस, प्रिंटरचा जास्तीचा कागद. लॅपटॉपची झोप आणि अपडेट दोन्ही बंद. कॅशियरचा संगणक जोडलेला असेल तर आपला राउटर न्या. हॉलच्या वायफायवर सगळा लिलाव टांगू नका. इंटरनेट तोडून पाहा: नोंद चालू राहते का, आणि जोडणी परत आल्यावर त्या ओळी कॅशियरकडे पोचतात का. दर शंभर लॉटांनी फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

कागद सोडू नका. लॉट क्रमांक आणि वर्णन छापलेले, किंमत आणि क्रमांक रिकामे असे तक्ते दुसऱ्या माणसाच्या हाती द्या. त्याने तुमच्या पडद्याकडे न बघता, स्वतःच्या कानाने लिहायचं. पडदा बघून लिहिलं तर तो तक्ता तुमच्याच चुकांची नक्कल ठरतो. त्याच्या तक्त्यात आणखी एक रकाना ठेवा: शेवटून दुसरी बोली कोणाची. घेणाऱ्याने नंतर माघार घेतली तर त्याचाच उपयोग होतो. पुकाऱ्याचं ध्वनिमुद्रण करायचं असेल तर सुरुवातीला ते जाहीर करा.

आदल्या दिवशी रंगीत तालीम घ्या, पण फाइलच्या प्रतीवर. खऱ्या फाइलमध्ये खोट्या विक्री राहून गेल्या तर त्या शोधणं हे वेगळंच काम होऊन बसतं. कोणालातरी वीस-तीस लॉट भराभर पुकारायला सांगा आणि मुद्दाम खोड्या काढायला लावा: क्रम सोडून लॉट घेणं, राखीव किमतीला न पोचलेला लॉट मागे घेणं, तीन लॉट पुढे गेल्यावर ‘मगाचा लॉट पुन्हा पुकारतोय’ म्हणणं. मागची ओळ उघडून दुरुस्त करून परत चालू लॉटवर यायला किती कळा दाबाव्या लागतात, ते बोटांना माहीत झालं पाहिजे.

सकाळी जागा निवडताना पुकारणाऱ्याचे ओठ आणि समोरची कार्डं दोन्ही दिसतील अशी बघा, स्पीकरच्या तोंडाशी नको. खुणा ठरवा. किंमत निसटली तर हात वर करून लिलाव थांबवायचाच, त्यात भीड नको. घेणाऱ्याचा क्रमांक निसटला तर लॉट ९९९९ वर टाकून कार्ड पुन्हा दाखवण्याची खूण करायची. वर्णन चुकलेलं दिसलं तर खुणेचा शेरा मारून पुढे जायचं. अंदाजाने कुठलाही आकडा भरायचा नाही.

लिलाव संपायच्या आत लोक बिल मागायला लागतात, म्हणून कॅशियरला सांगून ठेवा: बिल काढण्याआधी गिऱ्हाइकाला त्याचा शेवटचा लॉट विचारायचा आणि तो पडद्यावर आला आहे का ते बघायचं. तक्त्याचं पान भरलं की त्याची बेरीज सॉफ्टवेअरमधल्या तेवढ्याच लॉटांच्या बेरजेशी लगेच पडताळा. पन्नास ओळींतली चूक सापडते, पाचशेतली शोधताना रात्र जाते. न विकलेल्या लॉटांची यादी जागेवर उरलेल्या मालाशी ताडून बघा. आणि ९९९९ खाली एक जरी लॉट असेल, तर मालकांचे हिशेब छापायला घेऊ नका.