जपानमध्ये स्टेशनजवळच्या स्वस्त हॉटेलात उतरताना: आधी स्टेशनचं दार ठरवा

बुकिंग करता येतंच तुम्हाला. फक्त माणसांचा आकडा खरा भरा. तिथे बहुतेक ठिकाणी भाडं माणशी मोजतात, एकाच्या नावावर दोघांनी राहणं चालत नाही. धूम्रपानाची खोली स्वस्त दिसली तरी घेऊ नका, तो वास पडद्यात आणि गादीत मुरलेला असतो. खोली बारा-तेरा चौरस मीटरची, म्हणजे दोन मोठ्या बॅगा एकदम उघडता येत नाहीत.

आता खरा प्रश्न. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' हे वाचून लोक निर्धास्त होतात. कुठल्या दारापासून पाच मिनिटं? जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत एक मिनिट म्हणजे 80 मीटर धरतात. हॉटेलचा आकडाही असाच, सर्वांत जवळच्या दारापासूनचा असतो. तुम्ही दुसऱ्या दाराने बाहेर पडलात तर त्या पाचाचे वीस होतात, तेही बॅगा ओढत.

टोकियोतलं उएनो स्टेशन घ्या. ('गुची' म्हणजे दार.) मी आईला घेऊन पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा गर्दीमागोमाग गेले आणि बागेकडच्या कोएन-गुचीतून बाहेर आले. ती बाजू उंचावर आहे आणि आमचं हॉटेल रुळांच्या पलीकडे, इरिया-गुचीजवळ होतं. पाऊस, दोन बॅगा आणि आईचे दुखरे गुडघे. रुळांवरून जाणारा पांडा पूल सापडेपर्यंत ती रडवेली झाली होती. त्यानंतर आजवर मी दाराचं नाव लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसलेले नाही.

हे नाव बुकिंगच्या ॲपवर शोधू नका, हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर रस्ता दाखवणारं पान असतं तिथे बघा. दारांच्या नावांत दिशा असतात: हिगाशी पूर्व, निशी पश्चिम, मिनामी दक्षिण, किता उत्तर. नाव कागदावर लिहा. स्टेशनचं नावही पुरतं वाचा. नारिता विमानतळावरून येणारी स्कायलाइनर ही गाडी केइसेइ-उएनोला थांबते. ते जेआरच्या (जपान रेल्वेच्या) उएनोपेक्षा वेगळं स्टेशन आहे, तिथून इरियाची बाजू बरीच लांब पडते.

'आधी बाहेर पडा, मग मॅप लावा' हा सल्ला तर अजिबात ऐकू नका. आतच मॅप लावूनही उपयोग नाही, जमिनीखाली त्याचा निळा ठिपका भरकटतो. जेआरच्या स्टेशनांत बाहेर जायच्या दारांच्या पाट्या पिवळ्या असतात. फलाटावर उतरलात की कडेला उभे राहा आणि आपल्या दाराचं नाव त्यांवर शोधा. ते नाव समोर दिसेपर्यंत तिकिटाच्या गेटमधून बाहेर पडायचं नाही. आतून स्टेशनच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं सोपं असतं, बाहेरून सगळ्या स्टेशनाला वळसा पडतो. लिफ्ट प्रत्येक दाराला नसते. सोबत म्हातारं माणूस असेल तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला कागद दाखवून लिफ्ट विचारा. भाषा आली नाही तरी बोटाने दिशा दाखवतात.

पुढचं सोपं. चेक-इन बहुधा दुपारी तीननंतर. त्याआधी पोचलात तर बॅगा काउंटरवर ठेवून फिरायला जा. पासपोर्टची प्रत काढून घेतात, ती द्या. वीज 100 व्होल्टची आणि सॉकेट दोन चपट्या पिनांचं, आपली गोल पिन बसत नाही. शाकाहारी असाल तर नाश्त्याचं मिसो सूप सोडा, त्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. खोली सकाळी दहालाच सोडायची असली तरी बॅगा संध्याकाळपर्यंत काउंटरवर राहू देतात, फक्त विचारून ठेवा.