हलकी बॅटरी घेताना आधी अँपिअर-तास बघा

पोर्शने 2010 मध्ये 911 जीटी3 या स्पोर्ट्स कारसाठी लिथियम बॅटरीचा पर्याय दिला. वजन सहा किलोपेक्षा कमी, म्हणजे नेहमीच्या बॅटरीपेक्षा सुमारे दहा किलोंची बचत. पण सोबत साधी लेड-ॲसिड बॅटरीही मिळायची, कडाक्याच्या थंडीत बसवायला. हलक्या बॅटरीची अडचण इथेच कळते.

आकडे वाचताना सावध राहा. काही विक्रेते ‘लेड-ॲसिडच्या तोडीची’ क्षमता मोठ्या अक्षरांत छापतात. तुम्ही खरे अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत प्रत्यक्ष किती चार्ज साठतो, ते विचारा. त्या पोर्शच्या बॅटरीत ते फक्त 18 होते. इंजिन झटक्यात सुरू होतं, कारण लिथियम भरपूर करंट एकदम देऊ शकतं. पण उभ्या गाडीत अलार्म आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) मिळून 50 मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. पंधरा दिवसांत बॅटरी रिकामी! रविवारीच बाहेर निघणाऱ्या गाडीला हे चालेल, महिनोन्महिने झाकून ठेवलेल्या गाडीला नाही.

लिथियम बॅटरींमधला लिथियम आयर्न फॉस्फेट हाच प्रकार घ्या, आणि आत बीएमएस, म्हणजे सेलना जादा चार्ज होण्यापासून आणि पूर्ण रिकामं होण्यापासून वाचवणारं सर्किट, हवंच. अल्टरनेटरचं व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा, 14.6च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर बघा. तापमान शून्य अंश सेल्सिअसखाली असताना चार्जिंग केलं तर सेल खराब होतात. आपल्याकडे खरा शत्रू बॉनेटखालची उष्णता, त्यामुळे डिकीत जागा असेल तर उत्तम. जुना डिसल्फेशनवाला (लेड-ॲसिडच्या प्लेटांवरचा सल्फेटचा थर काढणारा) चार्जर मात्र हिला लावू नका.

एवढी यातायात नको असेल तर लहान एजीएम (लेड-ॲसिडचाच सीलबंद प्रकार) घ्या. वजन थोडं कमी वाचेल, झोप मात्र नीट लागेल.