घरच्या माणसासाठी कमी बजेटचा गेमिंग संगणक: सुटे भाग कसे निवडावेत

भाच्याने सुट्या भागांची यादी पाठवली, तेव्हा सगळ्यात वर आठ कोअरचा (आत आठ स्वतंत्र मेंदू असलेला) प्रोसेसर होता. त्याखाली पाण्याने थंड होणारा कूलर, रंगीत दिव्यांचे सहा पंखे आणि काचेचे मोठे कॅबिनेट. खेळाचे चित्र रंगवणारे ग्राफिक्स कार्ड तळाशी, उरलेल्या पैशांत बसेल ते. पॉवर सप्लायपुढे नुसते ‘कोणताही चालेल’ असे लिहिले होते. आम्ही दोघांनी बसून ती यादी जवळजवळ उलट्या क्रमाने पुन्हा लिहिली. तोच क्रम इथे देतो आहे.

स्वतःसाठी संगणक जोडणे आणि घरच्या माणसासाठी जोडणे यांत एक मोठा फरक आहे. दुसऱ्याचा संगणक अडला की फोन तुम्हालाच येणार, आणि तुम्ही बहुधा समोर नसणार. म्हणून दोन भाग तुल्यबळ असतील, तर थोडा कमी वेगवान पण बिनतक्रार चालणारा निवडा.

पहिली पायरी: कोणते खेळ, कोणती स्क्रीन

‘किती फास्ट हवा?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘जितका मिळेल तितका’ असेच येते. त्याऐवजी सध्या काय खेळतोस, वर्षभरात काय खेळायचे आहे आणि कोणत्या स्क्रीनवर, हे विचारा. व्हॅलोरंट, रॉकेट लीग किंवा शेडर (प्रकाश-सावल्या सुधारणारी भर) न लावलेले माइनक्राफ्ट साध्या कार्डावरही छान पळते. तिथे फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे, वाढवायच्या तर प्रोसेसर चांगला लागतो. सायबरपंक २०७७ सारखा खेळ मात्र कार्डाचा घाम काढतो.

स्क्रीनचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. १९२० × १०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६० × १४४० वर ३६.९ लाख आणि ४के स्क्रीनवर ८२.९ लाख, म्हणजे पहिलीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला तेवढे ठिपके कार्डाला रंगवावे लागतात. शिवाय वेळही मोजका असतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झवर जेमतेम ६.९. कमी बजेटमध्ये १०८०पी (म्हणजे १९२० × १०८० ची स्क्रीन) आणि शक्य असेल तर १४४ किंवा त्याहून जास्त हर्ट्झ, हीच जोडी मला सगळ्यात समाधानाची वाटते. मॉनिटर घरात आधीच असेल तर तो किती हर्ट्झचा आहे ते पाहा. ६० हर्ट्झच्या जुन्या मॉनिटरला महागडे कार्ड जोडले, तर त्याची निम्मी मेहनत दिसतच नाही.

घरातल्या ४के टीव्हीवर खेळायचा बेत असेल, तर टीव्हीतला गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा वेळ जाणवतो. खेळ १०८०पीवरच ठेवलात तरी हरकत नाही.

दुसरी पायरी: ग्राफिक्स कार्ड आधी ठरवा

मॉनिटर, कीबोर्ड, माउस बाजूला ठेवून उरलेल्या रकमेतला ३५ ते ४० टक्के वाटा कार्डाला द्या. खेळासाठी इतका थेट परिणाम दुसऱ्या कोणत्याही भागाचा होत नाही.

१०८०पीसाठी एएमडीची आरएक्स ६६०० आणि आरएक्स ७६००, एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६० आणि आरटीएक्स ४०६०, इंटेलची आर्क बी५८० ही ओळखीची नावे. यांतले कोणते घ्यायचे ते त्या आठवड्याच्या भावावर ठरवावे. कंपनीवर निष्ठा ठेवून पैसे वाचत नाहीत. कार्डावरच्या मेमरीकडे मात्र नीट पाहा. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० वर ८ जीबी मेमरी असते, बी५८० वर १२ जीबी. आज नव्या कार्डासाठी ८ जीबी ही मी खालची मर्यादा धरतो. तेवढ्यात नवे मोठे खेळ चालतात, पण टेक्श्चर (पृष्ठभागांवरचे बारकावे) एखादी पायरी खाली ठेवावे लागते. मेमरी कमी पडली की सरासरी फ्रेमचा आकडा चांगला दिसतो आणि खेळ मात्र मधूनच अडखळतो. नावावर भरवसा ठेवू नका: आरटीएक्स ३०५० हे कार्ड ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळते, आणि ६ जीबीच्या रूपात नुसती मेमरीच कमी नाही, तर आतली चिपही कापलेली आहे.

आणखी एक आकडा खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो. कार्ड मदरबोर्डाशी किती लेनने, म्हणजे माहितीच्या किती वाटांनी, बोलते? आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० आठ लेन वापरतात आणि पीसीआय एक्सप्रेस ३.० ही कार्डाच्या खाचेची जुनी पिढी असलेल्या बोर्डावरही त्यांचे फारसे अडत नाही. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र चारच लेनचे आहे, आणि तशा जुन्या बोर्डावर ते चांगलेच मागे पडते. स्वस्तातले कार्ड जुन्या संगणकात घालण्यासाठीच घेतले जाते, म्हणून ही गोष्ट आवर्जून सांगतो. इंटेलच्या आर्क कार्डांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) ही सोय लागते. ती बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू नसेल तर वेग खूप पडतो, त्यामुळे फार जुन्या प्रोसेसरसोबत आर्क घेऊ नये.

कार्ड बजेटात बसतच नसेल तर रडतखडत ४ जीबीचे कार्ड घेण्यापेक्षा एएमडीच्या रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. व्हॅलोरंटसारखे खेळ त्यावर खेळता येतात, आणि पुढे पैसे साठले की कार्ड जोडता येते.

तिसरी पायरी: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्रच निवडा

हे तीन भाग एकमेकांत अडकलेले आहेत. एक बदलला की उरलेले दोनही बदलावे लागू शकतात.

सहा कोअर आणि बारा थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) एवढा प्रोसेसर या वर्गातल्या कार्डाला पुरतो. रायझन ५ ५६००, रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा कोअर आय५ १२४००एफ हे तिन्ही तसेच. खरा प्रश्न आहे तो सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या खाचेचा. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर रायझन २०१७ पासून आहेत, त्यात डीडीआर४ या पिढीची रॅम चालते, आणि त्याची वाट आता संपत आली आहे. एएम५ २०२२ साली आले, त्याला डीडीआर५ च लागते, आणि किमान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू असे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए १७०० सॉकेट १२ व्या ते १४ व्या पिढीपर्यंतच आहे.

माझे मत विचाराल तर घरात डीडीआर४ रॅम किंवा एएम४ बोर्ड पडून असेल तर एएम४ वरच थांबा. वाचलेला पैसा कार्डात घाला. सगळेच नवे घ्यायचे असेल आणि हात थोडा सैल सोडता येत असेल, तर एएम५ घ्या, कारण चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून काम भागेल.

इंटेलच्या नावामागे ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसते. ५६०० मध्येही नसते. अशा संगणकातले कार्ड बिघडले की स्क्रीन काळी ती काळीच. रायझन ५ ७६०० मध्ये साधेसे ग्राफिक्स असते. खेळापुरते ते नाही, पण कार्ड दुरुस्तीला गेले तरी शाळेचे काम थांबत नाही आणि दोष कशात आहे ते फोनवरून शोधता येते. भाच्यासाठी आम्ही याच कारणाने ७६०० घेतला.

बोर्ड निवडताना आकर्षक नावांऐवजी चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) पाहा: एएम४ साठी बी५५०, एएम५ साठी ए६२० किंवा बी६५०, इंटेलच्या १२४००एफ साठी बी६६० किंवा बी७६०. जुना बी४५० बोर्ड घेत असाल तर त्यातला बायोस ५००० मालिकेचे रायझन ओळखतो का, ते विकणाऱ्याकडून लेखी घ्या. पेनड्राइव्हवरून, प्रोसेसर न बसवताही बायोस बदलता येणारे बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम.

रॅम १६ जीबी, पण एका काडीत नको. ८-८ च्या दोन काड्या लावल्या की मेमरीचे दोन रस्ते एकदम चालतात. आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्याला तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. चार खाचा असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी वापरा. ३२०० किंवा ६००० असा वेग खोक्यावर लिहिलेला असतो, पण बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा लिहिलेला वेग लागू करणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय तो बहुधा मिळत नाही.

चौथी पायरी: पॉवर सप्लायवर वाचवू नका

यालाच बरेच जण एसएमपीएस म्हणतात. सगळ्यात कमी कौतुकाचा हा भाग बिघडला, तर इतरांना घेऊन जाऊ शकतो.

हिशेब अवघड नाही. आरटीएक्स ४०६० ची वीज ११५ वॅट, आरएक्स ६६०० ची १३२, आरएक्स ७६०० ची १६५. प्रोसेसर भर खेळात ९० ते १२० च्या आत धरा, बाकी सगळ्यांना मिळून ५० ते ६०. या तिन्हींपैकी कोणत्याही कार्डासोबत बेरीज साडेतीनशेच्या आतच राहते. म्हणून नावाजलेल्या मालिकेचा ५५० वॅटचा सप्लाय पुरतो आणि पुढच्या मोठ्या कार्डालाही जागा उरते. अनोळखी ७५० वॅटचा स्वस्त डबा त्यापेक्षा कधीही वाईट. ८० प्लसचा शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. संरक्षणाची सर्किटे किती चांगली आहेत ते सांगत नाही. वॉरंटीची वर्षे आणि त्या नेमक्या मॉडेलची सविस्तर चाचणी, या दोन गोष्टी पाहून निवडा.

सुट्या होणाऱ्या केबलींबद्दल कळकळीने सांगतो. एका सप्लायच्या केबली दुसऱ्याला लावू नका, दिसायला सारख्या असल्या तरी नाही. सप्लायच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते. मी एकदा जुन्याच केबली नव्या सप्लायला लावल्या आणि माहिती साठवणारी एसएसडी जळली. बहिणीचे दोन वर्षांचे फोटो त्यात होते, ते परत आले नाहीत.

पाचवी पायरी: उरलेले भाग

एनव्हीएमई प्रकारची (थेट मदरबोर्डावर बसणारी) १ टीबी एसएसडी घ्या. एकेक मोठा खेळ १०० जीबीच्या पुढे जातो, ५०० जीबी लगेच भरते. साटा प्रकारच्या (केबलने जोडायच्या) एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, एनव्हीएमईचा हजारोंत जातो, तरी खेळ उघडण्यात फरक थोडाच पडतो. म्हणून सगळ्यात वेगवान एसएसडीच्या मागे लागू नका. जुनी हार्डडिस्क फक्त साठवणीला.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. त्यात किती लांबीचे कार्ड, किती उंचीचा कूलर आणि कोणत्या आकाराचा बोर्ड बसतो, हे तीन आकडे जुळवा. प्रोसेसरसोबत आलेला कूलर ५६०० किंवा ७६०० ला चालतो, फक्त थोडा आवाज करतो.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा विंडोज ११ चा परवानाही खर्चात धरा. लिनक्सवर आता पुष्कळ खेळ चालतात, पण व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. घरातल्या मुलाला नेमके तेच खेळायचे असतील तर हा मार्ग बंद.

जुने भाग घ्यायचे का?

कार्ड, प्रोसेसर, रॅम जुनी घ्यायला हरकत नाही. पॉवर सप्लाय आणि हार्डडिस्क जुनी घेऊ नये. कार्ड विकणाऱ्यासमोर अर्धा तास खेळ चालवून पाहा: पडद्यावर रंगीत ठिपके, पंख्याची घरघर, अचानक बंद पडणे, यांतले काहीही दिसले तर परत फिरा. फार जुने कार्ड ताकदवान असले तरी नव्या खेळांना चालेलच असे नाही. २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस यांना रे ट्रेसिंगचे (प्रकाशाचे किरण मोजून चित्र रंगवण्याचे) हार्डवेअर लागतेच, आणि जीटीएक्स १०८० टीआय सारख्या एकेकाळच्या राजाकडे ते नाही.

कार्यालयातून निघालेले तयार संगणक स्वस्त मिळतात. आत कार्ड बसवण्याआधी झाकण उघडून पाहा. पुष्कळदा त्यांचा सप्लाय लहान आणि प्लग कंपनीच्या स्वतःच्या घडणीचा असतो, बाहेरचा बसत नाही.

जोडून झाल्यावर

मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावा. ‘नवा संगणक हळू चालतो’ म्हणून येणाऱ्या फोनांपैकी निम्मे इथेच मिटतात. मग विंडोजमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट १४४ वर आहे का ते तपासा, कारण तो पुष्कळदा आपसूक ६० वर राहतो. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो पाहा. त्यानंतर तासभर भरभक्कम खेळ चालवून तापमान बघा.

शेवटी सगळी बिले आणि वॉरंटीचे कागद फोटो काढून एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि तो फोल्डर ज्याचा संगणक आहे त्याच्याकडेही द्या. भाच्याने त्यात सप्लायच्या केबलींच्या पिशवीचाही फोटो ठेवला आहे, वर मोठ्या अक्षरात ‘फक्त याच’ असे लिहून.