घरकाम, लेकरं आणि रोजची प्रार्थना : वेळ कसा बसवावा

“वेळ मिळाला की प्रार्थना करते” असं म्हणणाऱ्या बाईला वेळ कधीच मिळत नाही. लेकरं लहान असताना मिळत नाही आणि मोठी झाल्यावर तर त्याहून मिळत नाही. वेळ बसवावा लागतो. तो कसा बसवायचा ते इथे सांगते. घरात माणसं आहेत, चूल आहे, बाहेर नोकरी किंवा शेत आहे, अशा कॅथलिक आयांसाठी हे लिहिते आहे.

पहाटे चारला उठा, अर्धा तास देवासमोर शांत बसा, हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो. ज्या बाईचं लेकरू रात्रीतून दोनदा दूध मागतं, तिला हे सांगणं म्हणजे तिचा जीव काढणं आहे. पहाटे उठणं ज्यांना जमतं त्यांनी जरूर उठावं, पण जमत नाही म्हणून आपली भक्ती कमी, असं कुणी मनात आणू नये. औरंगाबाद धर्मप्रांताचं कॅथेड्रल ज्या संताच्या नावाचं आहे, त्या संत फ्रान्सिस दि सेल्सने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे स्पष्ट केलं आहे. बिशपने एकांतातल्या मठवासीसारखं राहावं किंवा कारागिराने व्रतस्थासारखं दिवसभर चर्चमध्ये बसावं, हे त्याला मान्य नव्हतं. ज्याचा जसा संसार, तशी त्याची भक्ती, हे त्याचं म्हणणं, आणि ते त्याने संसारातल्या एका बाईला मार्गदर्शन करता करता मांडलं. आपल्या भागात ही श्रद्धा आणणारे मिशनरी त्याच्याच नावाच्या संघाचे होते. तेव्हा मराठवाड्यातल्या आईने मठाचं वेळापत्रक घरात आणायची गरज नाही.

१. घड्याळ सोडा, काम धरा

“सकाळी साडेसहाला” असं ठरवलं की ते चार दिवस टिकतं. घड्याळाऐवजी रोज हमखास होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना बांधा. लेकरांची शाळेची रिक्षा गेली, दार लावलं, की बसायचं. मुख्य प्रार्थनेसाठी हीच वेळ मी सगळ्यांना सुचवते, कारण ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर नसते. नवऱ्याच्या कामाच्या वेळेला प्रार्थना बांधू नका. वाळूजच्या कंपन्यांत शिफ्ट बदलत राहते, आणि नवरा रात्रपाळीहून येऊन झोपला असेल त्या आठवड्यात तुमचं सगळंच विस्कटतं. नळालाही बांधू नका. शहरात पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता सुटेल याचा भरवसा नाही. नळाच्या दिवसाचा वेगळा हिशोब धरायचा : टाकी भरेपर्यंत पाइपाशी उभं राहावंच लागतं, तेवढ्यात रोझरीचं, म्हणजे मरियेच्या जपमाळेचं, एक रहस्य (येशू-मरियेच्या जीवनातला एक प्रसंग मनात धरून म्हणायचे दहा मणी) आरामात होतं.

नोकरीवर जाणाऱ्या बाईने डबा भरून झाल्यावर, साडी नेसायच्या आधी बसावं. एकदा तयारी झाली की पाय दाराकडेच ओढतात.

२. दहा मिनिटांत काय म्हणायचं

क्रुसाची खूण. त्या दिवसाच्या मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं, शुभवर्तमान (येशूच्या जीवनाचा बायबलातला उतारा), फक्त तेवढंच. पहिलं वाचन आणि स्तोत्र रविवारसाठी राहू द्या. वाचून झालं की दोन मिनिटं गप्प बसा. मग घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन त्याच्यासाठी एक वाक्य. शेवटी प्रभूची प्रार्थना. वेळ उरला तर रोझरीचं एक रहस्य.

शुभवर्तमान छापील बायबलातून वाचा. मोबाईलवर वाचायला घेतलं की वर शाळेच्या ग्रुपचा मेसेज येतो, बोट तिकडे जातं आणि दहा मिनिटं संपतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. यात मी सवलत देत नाही.

३. मधेच हाक आली तर

अवघड जागा हीच आहे. वेळ ठरवणं, बायबल काढून ठेवणं कुणालाही जमतं. प्रार्थना मोडते ती मधल्या हाकेने, आणि बऱ्याच बायका इथेच रोजची प्रार्थना सोडून देतात. मलाही हाच टप्पा सगळ्यात जड गेला.

होतं असं. तिसरं रहस्य चालू आहे आणि आतून सासूबाई गोळीसाठी हाक मारतात. उठावं तर प्रार्थना मोडली, न उठावं तर त्या ताटकळतात. बाई उठते, पण कपाळाला आठी घालून. गोळी देऊन येते तेव्हा कितव्या मण्यावर होतो ते आठवत नाही. मग पहिल्यापासून सुरू करते. दुसऱ्या रहस्यापर्यंत येते तोच लेकरू पडतं. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा ती माळ खिळ्याला अडकवून ठेवते आणि म्हणते, आपल्याच्यानं होत नाही.

पहिल्यापासून सुरू करायचं नाही. कधीच नाही. जिथे सोडलं त्याच्या पुढच्या मण्यापासून धरायचं. रोझरी एका दमात झाली नाही तर ती वाया जाते, असं चर्च कुठेही शिकवत नाही. पाच रहस्यं सकाळपासून रात्रीपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी झाली तरी ती रोझरीच असते. “मोडली की बाद” हे कुठल्या तरी आजीने कुठल्या तरी नातीला सांगितलेलं असतं आणि त्या भीतीपायी चांगल्या चांगल्या बायका माळ हातात धरत नाहीत.

आता हे करायचं कसं ते. कपडे वाळत घालायचा एक चिमटा प्रार्थनेच्या जागी ठेवा. हाक आली की ज्या मण्यावर आहात त्याला चिमटा लावा, माळ खाली ठेवा आणि उठा. परत आल्यावर चिमटा काढायचा आणि पुढचा मणी. आठवायला लागत नाही, मोजायला लागत नाही, मनाला रुखरुख राहत नाही. संध्याकाळपर्यंत परत बसता आलं नाही तरी मणी तिथेच असतो. बायबल वाचत असाल तर ओळीवर रिबन टाका.

उठताना चेहरा सांभाळा. हे मी फार कळकळीने सांगते. “जरा प्रार्थना करू द्याल की नाही!” असं ओरडून उठलेल्या आईकडून लेकरू एवढंच शिकतं की प्रार्थनेच्या वेळी आई चिडते. ते मोठं झाल्यावर माळ हातात घेणार नाही, आणि मग आपण फादरांकडे जाऊन विचारणार, पोरं चर्चला का येत नाहीत म्हणून.

रोमची संत फ्रान्सिस्का या बाबतीत आपली खरी सोबतीण आहे. सन 1384 ते 1440 हा तिचा काळ. लहान वयात लग्न झालं, मोठं एकत्र कुटुंब, तीन लेकरं, आणि सासू गेल्यावर सगळ्या घराचा कारभार तिच्यावर आला. थोरली जाऊ वान्नोझ्झा ही तिची प्रार्थनेतली जोडीदारीण होती. दोघी मिळून प्रार्थना करत आणि दोघी मिळून गोरगरिबांची सेवा करत. फ्रान्सिस्काविषयी सांगतात की पवित्र मरियेची प्रार्थना म्हणताना एकाच ओळीवर तिला चार वेळा घरकामासाठी बोलावणं आलं, ती चारही वेळा न कुरकुरता उठली, आणि परत आली तेव्हा ती ओळ सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली दिसली. संसारी बाईला हाक आली तर तिने वेदीपुढूनही उठावं आणि घरकामात देवाला गाठावं, ही तिची शिकवण म्हणून ओळखली जाते. 9 मार्चला तिचा सण असतो. त्या दिवशी जावेला बरोबर घेऊन बसा. एकीने लेकरं सांभाळायची, दुसरीने म्हणायचं, मग अदलाबदल.

मात्र प्रत्येक आवाज ही हाक नसते. रडणारं लेकरू, म्हाताऱ्या माणसाचं औषध, उतू जाणारं दूध, सुटलेला नळ, यांसाठी उठायचं. फोनची रिंग, शेजारणीचं सहज डोकावणं, “माझा पांढरा शर्ट कुठाय” ही नवऱ्याची विचारणा, यांसाठी उठायचं नाही. शर्ट कपाटातच असतो. दहा मिनिटं त्याला शोधू द्या. हा फरक घरातल्यांना एकदा नीट, शांतपणे सांगून ठेवा.

दिवस संपला आणि दोन रहस्यं राहिली तर ती राहू द्या. उद्याच्या पाचात आजची दोन मिळवायची नाहीत. देवाकडे उधारीची वही नाही. काही बायका आठवड्याभराच्या राहिलेल्या रहस्यांचा हिशोब घेऊन फिरतात आणि शनिवारी रात्री डोळे मिटत असताना भराभर उरकतात. रोझरी कुणावरही बंधनकारक नाही. बंधन आहे ते रविवारच्या आणि सक्तीच्या सणांच्या मिस्सेचं, आणि तिथेही चर्चची शिकवण आजारपण आणि तान्ह्या बाळाची देखभाल ही रास्त कारणं मानते. चर्च जिथे एवढं समजून घेतं, तिथे आपण स्वतःला कशाला छळायचं?

४. मन भटकलं तर

कुणी हाक मारली नाही तरी मन फीच्या हप्त्यावर, गॅसच्या टाकीवर जाऊन बसतं. त्याला हुसकावत बसू नका. हुसकावण्यातच वेळ जातो. चर्चची धर्मशिक्षाही हेच सांगते, विचारांच्या मागे लागायचं नाही, फक्त मन परत देवाकडे वळवायचं. मी तोच विचार उचलून देवापुढे ठेवते : “प्रभू, फी भरायची आहे, तूच बघ.” आणि पुढचा मणी.

५. कामात म्हणायच्या प्रार्थना

भाकरी थापताना हाताला पीठ असतं, माळ धरता येत नाही. मोजायची सोय तव्यावरच आहे. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, की नमो मरिया सुरू करा. संपेपर्यंत वरचं पाणी सुकत येतं, भाकरी उलटायची. दहा भाकरी झाल्या की दहा नमो मरिया. सुरुवातीला प्रभूची प्रार्थना, शेवटी पित्याला-पुत्राला गौरव, एक रहस्य पूर्ण. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये घातली, म्हणून जुन्या पुस्तिकांत ती सापडत नाहीत.

शेतात कपाशी वेचताना किंवा बसमध्ये उभं असताना एका ओळीची प्रार्थना पुरते. “येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे.” किंवा स्तोत्रातलं, “हे देवा, माझ्या साहाय्याला धावून ये.” फादर-सिस्टरांची दिवसाची प्रार्थना याच हाकेने सुरू होते. दुपारी बाराला देवदूताच्या निरोपाची प्रार्थना दोन-तीन मिनिटांत होते, जेवणाच्या सुट्टीत बसवता येते.

पण कामातली प्रार्थना आहे म्हणून सकाळची दहा मिनिटं सोडू नका. “माझं काम हीच माझी प्रार्थना” हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि मला ते पटत नाही. ठरलेल्या वेळी जाणूनबुजून प्रार्थना केली नाही तर सदासर्वकाळ प्रार्थना होत नाही, हीच चर्चची शिकवण आहे. जी बाई सकाळी बसते, तिलाच दुपारी तव्यापाशी आठवण होते.

६. लेकरांना सोबत घेणं

पूर्ण रोझरीला लहान लेकरं बसत नाहीत. रात्री जेवणानंतर एकच रहस्य, आणि ते लेकराने चालवायचं, आईने मागून म्हणायचं. दहा बोटांवर मोजू द्या. ऑक्टोबरमध्ये वस्तीत घरोघरी रोझरी असते तेव्हा मात्र घरची सोडून तिकडे जा. सोयाबीनची काढणी चालू असते, अंग मोडून आलेलं असतं, तरी चार जणींच्या आवाजात आपला आवाज ओढला जातो.

७. रात्री

अंथरुणावर पडल्यावर दोनच गोष्टी : आज काय चांगलं मिळालं त्याचे आभार, आणि कुणाला काय लागेल असं बोललो त्याची क्षमा. मधेच झोप लागली तर लागू द्या. लिझ्यूची संत तेरेजा प्रार्थनेत डुलक्या घ्यायची, आणि तिने लिहून ठेवलंय की झोपलेलं लेकरू आईबापांना जागं असताना आवडतं तेवढंच आवडतं.

सुट्टीत

उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची रिक्षा येत नाही, त्यामुळे सकाळची वेळ मोडणार. आधीच बदलून घ्या. दुपारी जेवणं झाल्यावर घर कूलरपुढे आडवं होतं, तेव्हा बसा. मे हा मरियेचा महिना आहे, लेकरांना तिच्या तसबिरीपुढे रोज मोगऱ्याची फुलं ठेवायचं काम द्या, ती स्वतःच आठवण करून देतात. जूनमध्ये शाळा उघडली की परत सकाळवर या. पहिले दोन-चार दिवस वह्यांना कव्हरं घालण्यात आणि गणवेशाच्या धावपळीत जातील, ते धरूनच चाला.