कुत्रा कानाला हात लावू देत नाही? आधी गोचिडी बघा

कालपर्यंत अंगाशी झोंबणारा कुत्रा आज कानाला हात लावला की गुरगुरतो. 'बिघडला काय हा?' सांगली-साताऱ्याच्या वस्तीवर, जिथं दारात कुत्रा, शेजारी गोठा आणि पलीकडे ऊस, तिथं हे हमखास विचारलं जातं. बहुतेक वेळा स्वभाव बिघडलेला नसतो, कान दुखत असतो, म्हणून आधी गोचिडी शोधा. (लाळ गळतेय, आवाज बदललाय, दिसेल त्याला चावतोय, असं असेल तर मात्र जवळ जाऊ नका. तो रेबीज असू शकतो. लांबूनच डॉक्टरांना कळवा.)

१. केसांच्या उलट दिशेनं बोटं फिरवा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली बघा. रक्त पिऊन फुगलेली मादी एरंडाच्या बीएवढी होते, ती लगेच सापडते. बारक्या तपकिरी राहून जातात.

२. हातमोजे घाला. बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीलगत धरा आणि सरळ, सावकाश ओढा. रॉकेल, तंबाखूचं पाणी, पेटती काडी यातलं काही नको; त्यानं कातडी भाजते आणि डिवचलेली गोचीड जखमेत आणखी लाळ सोडते. काढलेली साबणाच्या पाण्यात टाका. नखानं चिरडायची सवय सोडा.

३. औषध कुत्र्याचं वजन करूनच घ्या. गोठ्यातल्या फवाऱ्याचं 'जरासं' कुत्र्याला चोळणारे घरोघरी आहेत. ते प्रमाण जनावराचं, शिवाय कुत्रा अंग चाटतो. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कुत्र्याची काही औषधं मांजराला विषारी ठरतात. कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील तर तेही सांगा.

४. खरं काम घरात आहे, आणि नेमकं तेच राहतं. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीवर चढते, दगडांच्या फटीत किंवा चौकटीमागे अंडी घालते. एकेक मादी हजारावर घालते! म्हणून कुत्रा स्वच्छ केला तरी पंधरवड्यात पुन्हा तेच. त्याचं गोणपाट उकळत्या पाण्यात टाका किंवा जाळून टाका. फटी सिमेंटनं बुजवा. फवारणी डॉक्टरांना विचारून करा, जागा वाळेपर्यंत कुत्रा बाहेर बांधा. अंडी फवारणीला सहसा दाद देत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा.

५. गोचीड तापावर नजर ठेवा. नाक गरम म्हणजे ताप, हे काही खरं नाही. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं आणि ते गुदद्वारात थर्मामीटर ठेवूनच कळतं. भाकरीकडे बघत नाही, ओठ वर केला तर हिरडी पांढुरकी, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त, लघवी कॉफीसारखी, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त तपासल्याशिवाय नुसतं ताप उतरवायचं इंजेक्शन मारून परतू नका. घरातली माणसांची तापाची गोळी तर अजिबात नको. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

रक्तात एर्लिकिया (गोचिडीतून पसरणारा जंतू) निघाला तर डॉक्सिसायक्लीन हे प्रतिजैविक साधारण २८ दिवस चालतं. दोन-तीन दिवसांत कुत्रा खायला लागतो आणि गोळ्या तिथंच थांबतात. थांबवू नका, रोज पोटभर खाऊ घातल्यावर द्या, उपाशीपोटी दिली तर ओकतो. गावात निदान होत नसेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी सोबत न्या.